एकच हात, दोन माणसे

द्राक्षबागायतदारांच्या ज्या फेसबुक-गटाचा मी एक ऍडमिन आहे, त्या गटातून २०२४ च्या ऑक्टोबरात, एका रात्री साडेअकराच्या सुमारास, मी दोन खाती एकदम काढून टाकली आणि आम्हा पाच ऍडमिनांच्या आपसातल्या चॅटवर कारण म्हणून तीनच शब्द लिहिले : 'डूआयडी. खात्री आहे.' डूआयडी म्हणजे डुप्लिकेट आयडी. एकाच माणसाने दोन नावांनी वावरण्याला इंटरनेटवरच्या मराठी मंडळींनी दिलेले हे नाव आता इतके रुळले आहे, की ते उच्चारले की चौकशी संपली असे वाटते. मलाही त्या रात्री तसेच वाटले आणि मी शांत झोपलो.

मी निवृत्त शिक्षक. तासगाव तालुक्यात तीस वर्षे मराठी शिकवले आणि घरची सव्वा एकर बाग सांभाळली. गट सुरू झाला तो शेजारच्या चार-पाच गावांतल्या ओळखीच्या बागायतदारांसाठी, आणि आता त्यात मिरज, कवठेमहांकाळ, जत, पलूस अशा सगळ्या बाजूंची काही हजार माणसे आहेत. पानाचा फोटो टाकायचा, छाटणीला किती दिवस झाले ते लिहायचे आणि 'हे कशामुळे' असे विचारायचे, एवढेच तिथले मुख्य काम. माझ्याकडे जे काम आले, ते माझ्या जुन्या धंद्यामुळे आले असावे : खोटी खाती आणि पुन्हापुन्हा पडणाऱ्या पोस्टी बघणे. परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या माणसाला ते जमेल, असा इतरांचा समज होता, आणि खरे सांगायचे तर माझाही होता.

कॉपी पकडण्याचा एक जुना नियम आहे. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे असले तर त्यावरून काही ठरत नाही. चूक सारखी असली तर मात्र दोन्ही मुलांना उभे करावे. त्या नियमाने मी या दोन खात्यांसाठी वहीत दोन रकाने आखले. दोघांचेही आडनाव पाटील, पण आमच्या बाजूला त्याला पुरावा म्हणणे हास्यास्पद, म्हणून ते सोडून दिले. एकाच्या फोटोच्या जागी गणपती, दुसऱ्याच्या जागी सोनाका जातीच्या द्राक्षांचा घड, चेहरा कोणाचाच नाही. दोघेही 'फवारनी', 'पानी' आणि 'कारन' असे लिहीत. दोघांच्या पोस्टी रात्री एक ते तीनच्या दरम्यान पडत. दोघांचेही शेवटचे वाक्य शब्दाला शब्द जुळणारे : 'तरी कृपया मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती.' पहिल्याने जे विचारले, तेच दुसरा दहा मिनिटांत विचारी. पहिल्याला उत्तर मिळालेले असले तरी विचारी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, दोघांच्याही फोटोंत वरच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा एकच धुरकट डाग असे, भिंगावर ओरखडा असल्यावर पडतो तसा. पानावरचे तेलकट पिवळे ठिपके वेगळे, पान वेगळे, धरणारी बोटेही वेगळी. पण डाग तोच. एवढे जुळल्यावर मी कोणालाही विचारायला थांबलो नाही.

आठ दिवसांनी मला एका मुलाचा निरोप आला. कवठेमहांकाळला कॉलेजात जाणारा, बारावी झालेला मुलगा. त्याने लिहिले होते, ते थोडे आवरून देतो : 'सर, आबा माझे आजोबा, आणि तात्या त्यांचे धाकटे भाऊ. दोघांना टाइप करता येत नाही. विहीर सामाईक आहे. रात्री लाइट असली की मी मोटरीच्या खोलीत असतो, तेव्हा दोघंही पाळीला येतात. फोन माझाच आहे, दोघांची अकाउंटं त्यातच काढलीत. सर, दोघांची बोलाचाली नाही. आबांना आलेलं उत्तर तात्या वाचत नाहीत. त्यांना त्यांच्या नावावर आलेलं पाहिजे.'

हा निरोप मी दोनदा वाचला. वहीतला एकही मुद्दा खोटा नव्हता. फोन एक होता, ओरखडा एक होता, लिहिणारी बोटे एकाच मुलाची होती. फक्त विचारणारी माणसे दोन होती आणि त्यांच्यामध्ये वाटणीचा बांध होता. वाटणी झाल्यापासून ज्याने थोरल्या भावाकडे साधी काडेपेटी मागितली नसेल, तो त्याच्या नावाखाली आलेला सल्ला कसा घेणार? मी ज्याला पुनरावृत्ती समजत होतो ती भाऊबंदकी होती.

मग मी तोच रकाना पुन्हा वाचायला बसलो, आणि एकेका ओळीला मला स्वतःचीच लाज वाटत गेली. तीस वर्षे ज्या तालुक्यातल्या पोरांच्या वहीत 'पाणी'मधला ण मी लाल शाईने दुरुस्त करत आलो, त्या तालुक्यातल्या दोन घरांतून 'पानी' आले, हे मी लक्षण म्हणून टिपले होते. सारखी चूक हा पुरावा खरा, पण ती चूक वर्गात दोघांचीच असेल तेव्हा. अख्ख्या वर्गाची असेल तर नाही. रात्रीच्या वेळेचेही तसेच. शेतीच्या फीडरला आठ तास वीज मिळते, आणि ती आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्रपाळी असते त्या आठवड्यात त्या फीडरवरचा प्रत्येक माणूस दोन वाजता जागा असतो आणि मोटर चालू करून झाल्यावर हातात फोन घेऊन बसतो. आणि ते शेवटचे नम्र विनंतीचे वाक्य? ते तर अर्जलेखनाच्या तासाला माझ्यासारख्या मास्तरांनीच जिल्हाभर घोकून घेतलेले.

त्या आठ दिवसांत परतीचा पाऊस दोनदा झाला. बागा पोंगा अवस्थेच्या, म्हणजे नवे कोंब उमलण्याच्या पुढे, फुलोऱ्याकडे चाललेल्या, आणि डाउनी या बुरशीच्या रोगाला याहून चांगले दिवस नसतात. पानाच्या वर तेलकट ठिपका दिसतो आणि पहाटे पान उलटून बघितले तर मागे पांढरी बुरशी कापसासारखी उठलेली असते. अशा दिवसांत आठ दिवस उत्तर न मिळणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. दोघांनी आपापल्या दुकानदाराला विचारून काहीतरी फवारले, एवढे त्या मुलाने सांगितले. पुढचे मी विचारले नाही.

माझे आजोळ विट्याकडचे. तिकडच्या घराघरांतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली. सोने-चांदी गाळायची दुकाने कुठे केरळात, कुठे बंगालात, कुठे पंजाबात. सुट्टीत गेलो की गल्लीतल्या म्हाताऱ्यांची पत्रे मी लिहून देत असे, कारण अक्षर बरे होते आणि वेळ भरपूर होता. 'इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी' हे सुरुवातीला, आणि 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' हे शेवटी. मधला मजकूर बहुधा पैसे पाठवण्याबद्दल. एका दुपारी मी एकाच अक्षरात, एकाच शाईने, चार आयांची चार पत्रे लिहिली असतील. त्या चार मुलांनी ती कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावर एकत्र ठेवून ताडून बघितली असती, तर चौघांची आई एकच आहे असा निष्कर्ष काढायला हरकत नव्हती. स्वतः लेखनिकाचे काम केलेल्या माणसाला मोटरीच्या खोलीत बसलेला दुसरा लेखनिक ओळखता आला नाही, हे मला आजही खटकते.

खऱ्या डूआयडीची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. तो आमच्यात चार महिने नांदला. शुद्ध मराठी, कुठे ण-नचा घोळ नाही, हसरा फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्यांच्या आधी. एक खाते मिरज तालुक्यातल्या बागायतदाराचे म्हणून, दुसरे जत भागातल्या. पहिला विचारी, 'मणी फुगत नाहीत, काय करावे?' दुसरा उत्तर देई की अमुक टॉनिक सोडा, मला दहा दिवसांत फरक दिसला. आणि सोबत घडांचा फोटो. मग पहिला पंधरा दिवसांनी येऊन आभार मानी, आणि त्याच्याही सोबत घडांचा फोटो. त्याला पकडले ते मी नव्हे. सावळजकडच्या एका वहिनींनी पकडले. दोन्ही फोटोंत मांडवाच्या तारेला निळ्या सुतळीची गाठ होती, एकात घडाच्या डाव्या अंगाला आणि दुसऱ्यात उजव्या अंगाला. त्यांनी दुसरा फोटो मोठा करून बघितला तर मागे उभ्या असलेल्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या टाकीवरची अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी होती. फोटो तोच, फक्त डावीकडचा उजवीकडे फिरवलेला. तोवर कित्येकांनी ते टॉनिक आणले होते.

त्याला काढून टाकताना कोणाचेही दुमत झाले नाही, पण काढले कशासाठी हे मात्र आम्ही नंतर बरेच दिवस नीट सांगू शकलो नव्हतो. दोन नावे होती म्हणून काढले, असे आम्ही म्हणत होतो. वास्तविक दोन नावे असणे हा आता फेसबुकच्याही लेखी मोठासा अपराध नाही. २०२३ पासून एका खात्याखाली आणखी चार प्रोफाइल काढण्याची सोय त्यांनी स्वतःच करून दिली आहे. गावात काय, एका माणसाला शाळेतले एक नाव, घरचे एक आणि पारावरचे एक असतेच. या माणसाने दोन नावे घेऊन ग्राहक आणि विक्रेता अशा दोन बाजू वठवल्या आणि विकण्याचा हेतू लपवला, हा त्याचा दोष. कायदाही साधारण इथेच बोट ठेवतो : माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड हे कलम लागते ते संगणक किंवा फोनच्या साहाय्याने दुसराच कोणी असल्याचे भासवून फसवणूक केली तर, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नुसते दुसरे नाव धारण करणे पुरत नाही. फसवणूक असावी लागते. आबा आणि तात्या यांनी कोणाला फसवले होते?

यंत्राची मदत घेतली तर हा घोळ मिटेल, असे काही दिवस मला वाटत होते. पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या पुतण्याने तो भ्रम दूर केला. आम्हा ऍडमिनांना कोणाचा आयपी पत्ता, म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा क्रमांक, दिसत नाहीच. पण दिसला असता तरी उपयोग बेताचाच, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते कमी पडतात म्हणून मोबाइल कंपन्या अनेक फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. म्हणजे एकाच टॉवरखालच्या दोन अनोळखी माणसांचा पत्ता एक निघू शकतो, आणि एकच माणूस घरून बागेत गेला की त्याचे पत्ते दोन. विकिपीडियावर हे तपासण्याचा अधिकार फार थोड्या सदस्यांना दिलेला असतो, ती माहिती नव्वद दिवसांपलीकडे ठेवली जात नाही, आणि सबळ कारण नसताना, नुसते चाचपडून बघायचे म्हणून कोणाचे खाते तपासायला तिथे मनाई आहे. शिवाय यंत्राचे उत्तर आले तरी वागणूक बघूनच निर्णय होतो. ज्यांच्या हाती साधने आहेत ते एवढे बिचकतात, आणि मी एका वहीवर 'खात्री आहे' लिहून मोकळा झालो होतो.

पण बिचकणे मी त्याआधीच शिकायला हवे होते, आणि तेही सांगलीतच. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी पंचेचाळीस फुटांची असताना पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, तेव्हा मी शहरात बहिणीकडे अडकलो होतो आणि तिथल्या एका मंगल कार्यालयात चार-सहा जणांबरोबर टेबल टाकून बसलो होतो. फोनवर येणारे निरोप उतरवून घ्यायचे, यादी करायची आणि बोटवाल्या मुलांना द्यायची. तिथे मला पुनरावृत्तीची दोन रूपे एकाच दिवशी दिसली. एका वृद्ध दांपत्याला सकाळी बाहेर काढले होते. त्यांच्यासाठीचा निरोप दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत येत राहिला. तोही जसाच्या तसा नव्हे. पुढे पाठवणारा प्रत्येक जण कळवळून त्यात आपला एखादा शब्द घाली, 'माझ्या ओळखीचे आहेत' असे जोडी, गल्लीचे नाव बदलून जवळच्या देवळाचे नाव लिही, आणि त्यामुळे ती तीन वेगळी घरे वाटत. एक बोट रिकाम्या घराकडे दोनदा जाऊन आली.

ते बघून मी कडक झालो. दिसायला सारखा निरोप आला की मी त्यावर काट मारू लागलो. दुपारी एका वाड्यातून निरोप आला : आडनाव जोशी, दुसरा मजला, म्हातारी माणसे, एक आजारी. अर्ध्या तासाने पुन्हा आला : जोशी, तोच वाडा, म्हातारी माणसे. मी काट मारली. त्या वाड्यात जोश्यांची दोन बिऱ्हाडे होती, एक पुढच्या जिन्याने आणि एक मागच्या. बोट पुढच्या जिन्याला लागली, माणसे घेऊन आली, आणि मागच्या जिन्यावरचे आजी-आजोबा रात्री नऊपर्यंत अंधारात बसून राहिले. ते सुखरूप आले. आजींनी मला काही विचारले नाही, त्यांना यादी कोणी केली हे माहीतच नव्हते. चहा घेताना त्या एवढेच म्हणाल्या, 'आम्ही फोन केला होता हो, पण पोचला नसेल.' पोचला होता. रिकाम्या घराकडे गेलेल्या दोन फेऱ्यांत थोडे डिझेल आणि पाऊण तास गेला. एका खोट्या काटेने दोन माणसांचे सहा तास गेले. दोघांना चुकून एक मानणे हे एकाला चुकून दोन मानण्यापेक्षा महाग पडते, हा हिशेब मी त्या रात्री उघड्या डोळ्यांनी बघितला होता, आणि पाच वर्षांनी बागेच्या गटात साफ विसरलो.

पुन्हापुन्हा पडणाऱ्या पोस्टींबद्दल माझे मत पुराच्या आणि बागेच्या अनुभवाने थोडे गुंतागुंतीचे झाले आहे. नुसत्या पसरवल्या जाणाऱ्या मजकुराला आवर घालावाच लागतो. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना ठार मारले गेले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सऍपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. संशयाचे ते वारे तरी थांबले नाही; २०२२ च्या सप्टेंबरात आमच्याच जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. मर्यादेची ती युक्ती मला मात्र शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात पाठवणारा खरा की खोटा याचा निवाडा करावा लागत नाही. फक्त वेग कमी होतो.

पण शेतकऱ्याची पुनरावृत्ती वेगळी. एखाद्या आठवड्यात एकाच रोगाचे चाळीस फोटो येतात, आणि आमच्यातले तरुण ऍडमिन वैतागून त्यातले एकोणचाळीस उडवायला निघतात. मी त्यांना म्हणतो की थांबा, गावांची नावे वाचा. चाळीस पोस्टी चाळीस गावांच्या असतील तर तीच बातमी आहे. रोग कुठून कुठे सरकला, याचा त्याहून ताजा नकाशा दुसरीकडे कुठे मिळायचा? आणि एकच माणूस तीच पोस्ट अकरा वेळा टाकत असेल, तर बहुतेक वेळा रेंज गेलेली असते, किंवा त्याला उत्तर मिळालेले नसते. दुसरे कारण आमच्या बाजूचे आहे, त्याच्या नाही.

२०२५ च्या अखेरीला नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा दुबार मतदारांवरून राज्यभर गदारोळ चालला होता. राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन ताऱ्यांची (**) खूण केली. अशा मतदाराला तो कुठे मत देणार हे आधी विचारायचे, आणि उत्तर न मिळालेला कोणी केंद्रावर आलाच तर दुसरीकडे मत दिलेले नाही आणि देणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्यायचे, असे ठरले. त्या सगळ्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण नाव खोडण्याआधी खूण करणे आणि खूण केल्यावर विचारणे, हा क्रम मी उचलला. आता आमच्या गटातही कोणावर संशय आला की वहीत नावापुढे दोन तारे पडतात, त्या खात्याच्या पोस्टी दिसायच्या थांबत नाहीत, आणि पाचपैकी कोणीतरी एक जण खासगीत विचारतो. प्रश्न साधा असतो : 'हे खाते कोण चालवते, आणि कोणासाठी?' त्यात 'डूआयडी' हा शब्द लिहायचा नाही, असे मी सांगून ठेवले आहे. विकणारा असेल तर त्याने नावापुढे 'विक्रेता' लावावे आणि खुशाल राहावे. तीन दिवसांत उत्तर आले नाही आणि त्या खात्याने कोणाचे नुकसान केले असेल, तरच ते काढायचे. नुकसान नसेल तर तारे तसेच राहतात. काही तारे कित्येक महिने राहिले आहेत आणि कोणाचे काही बिघडलेले नाही.

आबा आणि तात्या दोघेही परत आले. मी त्या मुलाला सुचवले होते की पोस्टीखाली लिहिणाऱ्याचे नाव घालत जा. त्याने ते दोघांना विचारले. आबा हो म्हणाले. तात्या म्हणाले की आबांच्या नातवाचे नाव माझ्या पोस्टीखाली नको. म्हणून आता एका खात्याखाली 'लेखन : नातू' असते आणि दुसऱ्याखाली नुसते 'लेखन : दुसऱ्याकडून', आणि फोटोच्या कोपऱ्यातला डाग दोन्हीकडे तसाच आहे.

सध्या वहीत दोन ताजी नावे आहेत. बेदाण्याच्या शेडचे एकसारखे फोटो, एकसारखे प्रश्न, दोन तालुके. मी काल दुपारी दोघांनाही निरोप पाठवला आहे. अजून उत्तर नाही, पण त्या भागात या आठवड्यात लाइट रात्री बारानंतर असते.